मावशीचा पाय

मी रागीट माणूस नाही. असं मी चारचौघांत म्हटलं की बायको म्हणते, "रागीट आहेत, फक्त आवाज येत नाही." ते खरं आहे. काहींचा राग कुकरसारखा असतो, शिट्टी झाली की मोकळे. माझा राग थर्मासमधल्या चहासारखा. बाहेरून हात लावा, गार, आणि झाकण उघडलं तर संध्याकाळपर्यंत जीभ पोळेल. पाणीपट्टीच्या कार्यालयात खिडकीवर बसणाऱ्या माणसाला दुसरा कुठला राग परवडतच नाही. समोरचा माणूस नळाला पाणी नाही म्हणून आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करतो आणि आपण म्हणायचं, "शेजारच्या खिडकीवर विचारा." पण आमच्या मावशीचा पाय गेला आणि त्या थर्मासचं झाकणच हरवलं.

मावशी म्हणजे आमची मांजर. मांजर ही वाघाची मावशी, म्हणून आमच्या मुलीने हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की घरात तिला मांजर कोणी म्हणेना. "मावशी जेवली का?" "मावशीने पुन्हा पडदा फाडला." "मावशीला कपाटावरून खाली काढा." असं आमचं बोलणं. पुढचा सगळा अनर्थ या नावापायी झाला, म्हणून आधीच सांगून ठेवलं. पुढे कोणी म्हणायला नको की आम्हाला अंधारात ठेवलं.

आमच्या बरोबर खाली, तळमजल्यावर ब्रिगेडिअर राहतात. ते सैन्यात कधीही नव्हते. सिमेंट विकायचे. पण मिशा, छाती आणि जिन्याच्या तोंडाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हुकूम सोडण्याची सवय, या तीन गोष्टींवर आमच्या इमारतीने त्यांना हा हुद्दा दिला आणि त्यांनी तो कोणतीही चौकशी न करता स्वीकारला. त्यांनी सकाळी मोटार मागे घेतली. मागच्या चाकाशी मावशी बसली होती. मी धावत खाली गेलो तेव्हा मावशीचा मागचा उजवा पाय चिंध्या झालेल्या मोज्यासारखा लोंबत होता.

"मांजरच आडवी आली," ब्रिगेडिअर म्हणाले.

बसलेली मांजर आडवी कशी येते, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी तिला टॉवेलात गुंडाळत होतो आणि हा गृहस्थ रुमालाने बंपर पुसत होता. बंपर! आणि यावर मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "असू दे." तोंडातून गेलंच. इतक्या वर्षांची खिडकीवरची सवय. त्या दोन शब्दांबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. पण आपल्यावर फार वेळ रागावता येत नाही, घरात जागा लहान पडते. म्हणून तोही राग मी ब्रिगेडिअरांच्याच खात्यावर टाकला.

प्राण्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला, फोटो काढला आणि सरळ सांगितलं, "हाडाचा चुरा झालाय. पाय मांडीपासूनच काढावा लागेल. अर्धवट ठेवला तर ती तो घासत राहील."

"मग ती चालणार कशी?" मुलगी रडायला लागली होती.

"मांजर तीन पायांवर छान जगतं," डॉक्टरीणबाई हातमोजे घालत म्हणाल्या. "त्रास घरच्यांना होतो."

मावशीला आत नेलं. बाहेर बाकावर आम्ही तिघं आणि आजूबाजूला कुत्री. एक भलंमोठं कुत्रं माझ्या बुटांकडे अशा नजरेने बघत होतं की भीक नको पण कुत्रा आवर, या म्हणीचा अर्थ मला प्रथमच नीट कळला. तेवढ्यात आठवलं, आज कार्यालयात कळवलेलं नाही. मी हेडक्लार्कना फोन लावला.

"आज येऊ शकत नाही. मावशीचा पाय कापावा लागतोय."

हे वाक्य मी जसं घरात बोलतो तसं बोललो.

"अरे देवा! कुठे आहात?"

"डॉक्टरांकडे."

"मागे कुत्री भुंकतायत का हो?"

"भुंकतायत ना. भरपूर आहेत."

"दवाखान्यात कुत्री! काय दिवस आलेत. कसा झाला अपघात?"

"शेजाऱ्याने मोटार घातली."

"तुम्ही काही बोलू नका," हेडक्लार्क नाक ओढत म्हणाले. "मी साहेबांना सांगतो."

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "अहो, मावशी म्हणजे, तसं नाही, आमची मावशी म्हणजे..."

"आईसारखीच असते, ठाऊक आहे मला. धीर धरा." आणि फोन ठेवला. मी पुन्हा लावला तर लागेना. आमच्या कार्यालयात फोन उचलत नाहीत अशी जनतेची तक्रार असते. ती खोटी नाही.

आता घरची हकिकत. मावशी घरी आली ती अर्धी भादरलेली. उजवीकडून पाहिलं तर सोललेलं काहीतरी, त्यावर टाक्यांची लांब ओळ. डावीकडून पाहिलं तर आपलीच मावशी. गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं, टाके चाटू नयेत म्हणून. ते नरसाळं दाराला आपटायचं, वाटीला आपटायचं, आणि मग ती मान वर करून माझ्याकडे बघायची. जणू ते मी विकत घेतलं होतं. मी घेतलंही होतं, पण तो मुद्दा वेगळा.

डॉक्टरीणबाईंचं फर्मान असं की उडी मारायची नाही, जिना चढायचा नाही, गादीवर चढायचं नाही. म्हणून जेवणाच्या टेबलाखाली पिंजरा मांडला. टेबलाखाली पिंजरा म्हणजे आम्ही जेवताना पाय कुठे ठेवायचे? आम्ही मांडी घालून खुर्च्यांवर बसायला लागलो. वाळूच्या ट्रेचा काठ तिला ओलांडता येईना, म्हणून मी करवतीने ट्रेची एक बाजू कापायला गेलो आणि सगळा ट्रे उभा चिरला. शेवटी बायकोने केक भाजायचं पसरट भांडं दिलं. दिलं आणि म्हणाली, "हे आता पुन्हा ओट्यावर येणार नाही, आणि याचं कारण तुम्ही आहात." मांजर चिरडली ब्रिगेडिअरने, भांडं गेलं ते माझ्यामुळे. न्याय बघा!

गोळी द्यायची जबाबदारी माझी. मांजराला गोळी कशी द्यायची हे लोक फार सोपं करून सांगतात: तोंड उघडा, गोळी जिभेच्या मागे ठेवा, तोंड मिटा. यात मांजराचं मत धरलेलं नसतं. तीन पायांच्या मांजराकडे तीन पायांची नखं असतात आणि तेवढी पुरतात, हे माझ्या मनगटांवर पाहणाऱ्याला दिसत होतं.

त्यात सल्ले. वरच्या मजल्यावरच्या काकू रोज यायच्या, पिंजऱ्यापुढे बसायच्या आणि म्हणायच्या, "बिचारी!" एवढंच. "बिचारी गं बिचारी." मग माझ्याकडे बघून, "हळद लावलीत का?" टाक्यांना हळद लावू नका असं डॉक्टरांनी सांगितलंय म्हटलं की, "डॉक्टरांना काय कळतंय!" आणि परत "बिचारी." मला त्या शब्दाचा इतका संताप यायला लागला की तो कानावर पडण्याआधीच मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायचो. आणि ब्रिगेडिअर? ते वर आले नाहीत. जिन्यात भेटले की खालून सल्ला द्यायचे. "अहो, कशाला हा खटाटोप? एक इंजेक्शन द्यायचं. तिचीही सुटका, तुमचीही." उंटावरून शेळ्या हाकणं वेगळं, ज्या उंटाने शेळी तुडवली त्याच्याच पाठीवरून हाकणं म्हणजे कमाल होती. मी काय म्हणायचो? "बघू या."

खरी काळजी दुसरीच होती. मावशी जेवेना. दूध नाही, अंडं नाही, कोमट केलेला मासा नाही. वाटी पुढे केली की नरसाळ्यातून तोंड फिरवायची. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "उद्यापर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या. मांजर उपाशी राहिलं की यकृत बिघडतं. मग मला फार काही करता येत नाही." मुलगी कॉलेजला गेली नाही. बायकोने बोटावर मासा घेऊन चाटवून पाहिला. काही नाही. मावशी पिंजऱ्याच्या कोपऱ्याकडे तोंड करून बसली होती. त्या भादरलेल्या अंगातून श्वास वरखाली होताना दिसायचा, तेवढंच.

मी वाटी घेऊन टेबलाखाली शिरलो. पाठ टेबलाला टेकली, गुडघे हनुवटीला. आणि माझ्या तोंडातून, मला न विचारता, सुरू झालं.

"हा मिशाळ रेडा," मी मावशीला म्हणालो. "हे सिमेंटचं पोतं. याला मागे बघता येत नाही, पण जिन्यात कोण आलं कोण गेलं ते बरोबर दिसतं! बंपर पुसतोय! याच्या बंपरला गंज चढो. इंजेक्शन म्हणे! यालाच द्या, म्हशीला देतात ते..."

मचमच असा आवाज आला. मावशी मासा खात होती.

मी थांबलो. ती थांबली. नरसाळ्यातून माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, बोलत राहा," मुलगी कुजबुजली.

"...आणि याच्या मिशा! त्या मिशांत गेल्या वर्षीचं जेवण सापडेल..." मावशी पुन्हा खायला लागली.

त्या दिवसापासून आमच्या घरी मावशीच्या जेवणाला शिव्यांची संगत लागायला लागली. गोड बोलून पाहिलं, चालेना. बायकोने शिव्या देऊन पाहिल्या; पण ती शाळेत शिकवते, तिच्या शिव्या "असं करू नये हं" यापुढे जात नाहीत. मावशीला खरा राग लागायचा आणि तो माझ्याकडे साठवणीचा होता. मी रोज सकाळ-संध्याकाळ टेबलाखाली पोक काढून बसायचो आणि आयुष्यात ज्यांना ज्यांना "असू दे" म्हणालो होतो त्यांची एकेकाची सालं काढायचो. ब्रिगेडिअर पुरले नाहीत तेव्हा हेडक्लार्क घेतले, मग साहेब, मग वरच्या काकू.

"माझ्या भावापर्यंत का गेलात?" एकदा बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"अर्धी वाटी शिल्लक होती," मी म्हणालो.

टाके सुकायला लागले. भादरलेल्या जागी मखमलीसारखी लव दिसायला लागली. आणि मी कार्यालयात रुजू झालो.

माझ्या टेबलावर फुलं होती. शिपायाने मला खुर्ची ओढून दिली, जे त्याने यापूर्वी फक्त साहेबांसाठी केलं होतं. बाजूच्या खिडकीवरच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "कशा आहेत आता?" मी म्हणालो, "जेवायला लागली." त्या म्हणाल्या, "अहो-जाहो नाही करत? किती जवळचं नातं!"

मी तडक हेडक्लार्कांकडे गेलो, दार लावलं आणि सांगितलं, "मावशी म्हणजे मांजर आहे. चार पायांची. आता तीन."

हेडक्लार्कांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मांजर?"

"मांजर."

"मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी सांगत होतो! तुम्ही धीर धरा म्हणालात!"

"आवाज कमी करा. साहेबांनी तुमच्या रजेच्या कागदावर 'सहानुभूतिपूर्वक मंजूर' असं लिहिलंय. स्वतःच्या हाताने. या कार्यालयात साहेबांनी सहानुभूती हा शब्द प्रथमच वापरला. आता ती सहानुभूती मांजरावर गेली असं त्यांना कोण सांगणार? तुम्ही?"

"तुम्ही सांगा."

"मी? मी तर डोळे भरून त्यांना सांगितलं होतं." हेडक्लार्क घाम पुसायला लागले. "आणि रविवारी साहेब तुमच्याकडे यायचं म्हणतायत. कर्मचारी कल्याण मंडळाकडून चाकांची खुर्ची मंजूर झालीय. तुमच्या मावशींसाठी."

"मांजराला चाकांची खुर्ची?"

"हळू! तुम्हाला खरी एखादी मावशी आहे का हो?"

होती. आईची मोठी बहीण, दुसऱ्या गावी राहणारी, दोन्ही पाय शाबूत आणि दोन्हींचा धाक. तिला पांघरूण घालून निजवा, अशी हेडक्लार्कांची कल्पना. त्यांनी मावशीला पाहिलेलं नव्हतं म्हणून सुचली. मी साफ नाही म्हणालो आणि ठरवलं, रविवारी साहेब आले की चहा पुढे करायचा आणि खरं काय ते सांगून टाकायचं. होईल ते होईल.

पण आमच्याच कार्यालयातला एक परोपकारी माणूस माझ्या मावसभावाला ओळखत होता. त्याने फोन करून सांत्वन केलं: "तुमच्या आईंचा पाय कापला असं कळलं, फार वाईट वाटलं." मावसभाऊ परगावी. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने घरी फोन केला. फोन खुद्द मावशीने घेतला.

रविवार उजाडला. साहेब, हेडक्लार्क आणि चाकांची खुर्ची टेम्पोतून उतरले. आमच्या जिन्याला पहिल्याच वळणावर खुर्ची अडकली. ना वर जाईना, ना खाली येईना. मी वरच्या पायरीवर, साहेब खालच्या पायरीवर, मध्ये खुर्ची. आणि अर्थातच ब्रिगेडिअर दार उघडून बाहेर आले.

"तिरकी करा! तिरकी! आधी चाक!"

साहेब घाम पुसत म्हणाले, "आपण इथलेच का?"

"तळमजला. खुर्ची कोणासाठी?"

"यांच्या मावशींसाठी. पाय गेला ना."

ब्रिगेडिअरांनी खुर्चीकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "मावशीसाठी? एवढी मोठी?"

"छोटी शिल्लक नव्हती," हेडक्लार्क घाईघाईने म्हणाले. "साहेब, वर जाऊ या."

पण साहेबांना अपघाताची चौकशी करायची होती. "झालं कसं हे?"

"झालं काय, मी गाडी मागे घेत होतो, ती चाकाशी बसलेली. गेलं चाक."

"तुम्ही? तुमची गाडी?" साहेब एक पायरी खाली उतरले.

"मग? दिवसभर हिंडते सगळीकडे. ज्याने दूध दिलं त्याच्या दारात पसरते. यांनीही कुठून रस्त्यावरूनच आणलेली."

साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीच्या चाकाआड होतो. बोलायला तोंड उघडलं, पण खालून ब्रिगेडिअर सुरूच होते.

"पहिल्या दिवसापासून सांगतोय यांना, एवढा खर्च करायची लायकी आहे का तिची? एक इंजेक्शन द्यायचं, झोपली असती कायमची. नाहीतर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडायची."

वरच्या काकूंच्या दाराची कडी निघालेली ऐकू आली.

"पोत्यात?" साहेब म्हणाले.

साहेबांचा आवाज आमच्या कार्यालयाच्या सगळ्या मजल्यांवर ऐकू येतो. जिन्यात तर तो भिंतींना धडका देत फिरला. "तुम्ही माणूस आहात की कोण? एक तर पायावरून गाडी घालता, वर पोत्यात घालायच्या गोष्टी करता? शरम नाही वाटत? तुम्हाला तुरुंगात घातलं पाहिजे! खुनी आहात तुम्ही!"

खरं सांगतो, मी त्या वेळी साहेबांना थांबवायला हवं होतं. पण ते जे बोलत होते ते शब्दन्‌शब्द माझं होतं, आणि आवाज माझ्यापेक्षा कितीतरी चांगला होता.

"अहो, काय बोलता!" ब्रिगेडिअर लालबुंद झाले. "हे वरून रोज सकाळ-संध्याकाळ मला शिव्या घालतात, खिडकीतून सगळं ऐकू येतं, मिशाळ रेडा म्हणतात, ते मी ऐकून घेतो. पण तुम्ही कोण? मांजर आहे ती, मांजर!"

"वयस्कर बाईला मांजर म्हणता?" साहेब गरजले.

"मला मांजर कोण म्हणालं?"

फाटकाशी मावशी उभी होती. खरी. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, आणि चेहऱ्यावर आमच्या आईच्या माहेरचा सगळा राग. ती तरातरा जिन्यापर्यंत आली.

"आपण?" साहेबांनी विचारलं.

"मी याची मावशी." छत्रीचं टोक माझ्या दिशेने. "आणि माझा पाय कापला म्हणून सगळ्या गावाने माझ्या दारात रांग लावलीय! हे बघा. एक. हा दुसरा. नीट मोजून घ्या. कोणी कापला माझा पाय? खाली ये रे तू!"

मी खाली कसा येणार? मध्ये खुर्ची होती. तेवढ्यात मागून मुलगी आली, कडेवर मावशी, गळ्यात नरसाळं. "बाबा, काय चाललंय? मावशी घाबरून थरथर कापतेय."

सगळ्यांनी वर पाहिलं. साहेबांनी मांजरीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. हेडक्लार्क भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आणि ब्रिगेडिअर! त्यांच्या मिशा दोन्ही बाजूंनी वर चढल्या.

"बघा! मांजर! मांजरापायी या माणसाने मला खुनी म्हटलं! सगळ्या इमारतीसमोर! आता बोला!"

माझी रजा, माझी नोकरी, माझी अब्रू, सगळं त्या एका पायरीवर उभं होतं. साहेबांच्या तोंडून माफी निघणार आणि मग मी जन्मभर खिडकीवरून उठणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. पण मोठा अधिकारी मोठा का असतो, ते त्या दिवशी कळलं. साहेबांनी शर्ट सारखा केला.

"मांजर तर मांजर," ते म्हणाले. "गाडी मागे घेताना मागे बघायचं असतं की नाही?"

"आरशात दिसली नाही."

"मी आरसा विचारत नाही. वळून बघितलंत का?"

ब्रिगेडिअरांच्या मिशा खाली आल्या. "नाही," ते म्हणाले, आणि घरात गेले. दार आपटलंही नाही.

एवढे दिवस मी टेबलाखाली बसून याच एका शब्दाची वाट पाहत होतो. आणि तो मिळाला कोणाला? साहेबांना! मावशीला नाही, मला नाही; ज्यांनी मावशीला आयुष्यात प्रथमच पाहिलं त्यांना. मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका राग आला की मी चाकाला लाथ मारली. खुर्ची सुटली आणि हेडक्लार्कांना घेऊन तळमजल्यापर्यंत गेली. त्यांना काही लागलं नाही. ती बसायच्या कामाची होतीच.

वर बैठक भरली. खऱ्या मावशीने पाणीही घेतलं नाही. "माझं नाव मांजराला?"

"मांजर वाघाची मावशी असते ना आजी, म्हणून," मुलगी म्हणाली.

मावशीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "म्हणजे वाघ हा?"

साहेब खोकले. बायको पदर तोंडाला लावून आत गेली. मी खिडकीबाहेर पाहिलं.

मावशीच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता. माझं लहानपण, माझी अक्कल, माझ्या आईने मला दिलेले फाजील लाड. मुलीने मांजरीचं नरसाळं थोडा वेळ काढून तिला सतरंजीवर ठेवलं होतं. ती एका अंगावर कलली, मान वाकडी केली, आणि कापलेल्या जागेवरचा स्नायू भराभर हलायला लागला. कान स्थिर. हवेत काहीच नाही. स्नायू मात्र हलतोय.

"काय करतेय ही?" मावशी मध्येच थांबली.

"कान खाजवतेय," मुलगी म्हणाली. "तो पाय आता नाही, हे तिला अजून कळलेलं नाही."

मावशी गुडघ्यावर हात टेकत, "आई गं" म्हणत सतरंजीवर बसली. तिने मांजरीच्या उजव्या कानामागे बोट घातलं आणि खसाखसा खाजवलं. मांजरीने डोळे मिटले. "आणि तू," कान खाजवता खाजवता मावशी माझ्याकडे वळली, "एवढं झालं, मला एक फोन करता आला नाही? मांजरासाठी काय मी आले नसते?"

साहेबांनी चहा संपवला. दारात बूट घालताना ते हेडक्लार्कांना म्हणाले, "यांची ती रजा सहानुभूतीची राहणार नाही. हक्काच्या रजेतून वळती करा." मग माझ्याकडे न बघता, "मिशाळ रेडा काय?" आणि जिना उतरले. टेबलाखाली मी साहेबांना काय म्हणतो, हे ब्रिगेडिअरांनी सांगितलं नव्हतं, हे माझं नशीब. माझी हक्काची रजा मात्र मांजरीपायी गेली. खुर्चीही परत गेली नाही. मंडळाने एकदा दिलेली वस्तू परत घ्यायला मंडळाची बैठक लागते आणि बैठक भरेना. ती जिन्याखाली आहे. वरच्या काकू तिच्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ले देतात.

मावशी बरी झाली. नरसाळं सुटलं, केस भरले. चालताना ती थोडी ससा, थोडी मांजर अशी दिसते. धावली की काहीच कळत नाही, फक्त बसताना कधी उजवीकडे कलंडते आणि मग ते आपण मुद्दाम केलं असा चेहरा करते. आता ती मी गप्प असतानाही जेवते. मला जरा चुकल्यासारखं होतं. कधीकधी मीच जाऊन तिच्याजवळ बसतो आणि थोडं बोलून घेतो. खिडकी उघडी ठेवून.

डॉक्टरीणबाईंनी बाहेर सोडू नका म्हणून सांगितलं होतं, पण एका सकाळी दार उघडं राहिलं आणि ती गेली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली पाहिलं. ब्रिगेडिअर किल्ली घेऊन मोटारीशी उभे होते. मग ते वाकले. गुडघे धरून एकेका चाकामागे बघायला लागले. पुढचं, मागचं, पलीकडचं. त्या दिवसानंतर ते रोज असं बघतात, हे बायकोला ठाऊक होतं. मला तिने सांगितलं नव्हतं. कदाचित माझा राग जाईल म्हणून.

चाकांमागे काही नव्हतं. ते उठून उभे राहिले आणि त्यांना मावशी दिसली. ती मोटारीच्या तापलेल्या टपावर, पाठीवर पडून, तिन्ही पाय आकाशाकडे करून झोपली होती. ज्या गाडीने तिचा पाय खाल्ला, त्याच गाडीवर! मांजराला राग धरून ठेवता येत नाही, हे त्या जातीचं मोठं वैगुण्य आहे. ते काम घरच्या माणसाला करावं लागतं.

ब्रिगेडिअरांनी मान वर केली. मी खिडकीत होतो.

"अहो," त्यांनी हाक मारली. आवाजात हुकूम नव्हता. "जरा तुमच्या मावशीला उचलता का? मला बाहेर जायचंय."

"झोपलीय ती."

"मी उठवू का?"

"चावते," मी म्हणालो. ती चावत नाही.

"मग कधी उठेल?"

"तिच्या मनावर आहे."

ब्रिगेडिअरांनी मोटारीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. मग किल्ली खिशात घातली आणि पायरीवर जाऊन बसले. हॉर्न वाजवला नाही. मी चहा ठेवला होता, तो उकळला. कपात गाळून घेतला आणि परत खिडकीशी येऊन उभा राहिलो.

"त्यांनाही विचारा की चहाचं," बायको म्हणाली.

"विचारतो," मी म्हणालो, आणि सावकाश, एकेक घोट घेत, माझा कप संपवला.